एकास सहा

ताईची चाकांची बॅग निळ्या रंगाने माखून घरात आली, तेव्हाच कळायला हवं होतं की आजचा शनिवार सरळ जाणार नाही. पण मला गोष्टी वेळेवर कळत नाहीत. मी कांदा चिरत होतो आणि माझ्या मते मी घराला मोठा हातभार लावत होतो.

"हा काय अवतार?" आईने विचारलं. बॅगेकडे बघून, ताईकडे नाही.

"स्टँडवरून येताना नवीन वॉर्ड ऑफिस बघून आले," ताई म्हणाली. "रॅम्पच्या वरच्या टोकाला उभी होते. फोन वाजला म्हणून बॅगेवरचा हात काढला. बॅग निघाली की आपली आपण. खाली एकजण रेलिंग रंगवत बसला होता, त्याच्या डब्यात जाऊन थांबली."

"त्याला लागलं का?"

"नाही. तो मला म्हणाला, बाई, हा रॅम्प आहे की घसरगुंडी?"

आत्या आतल्या खोलीतून चष्मा पुसत आली. ती सकाळीच पोचली होती, सोमवारच्या कार्यक्रमासाठी. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी ती खोलीत शिरली की आम्ही सगळे जरा ताठ बसतो. मुख्याध्यापिका होती.

"काय आहे त्या रॅम्पला?" ती म्हणाली. "माझ्या भावाने स्वतः मंजूर केलाय तो."

"तेच तर," ताई म्हणाली. "आत्या, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी लागते. हा नियम आहे, माझं मत नाही. तिथे तीन फूट उंची आहे आणि रॅम्प अठरा फुटांचा. एकास सहा. मी हॉस्पिटलात रोज माणसांना चाकांच्या खुर्चीवरून चढवते-उतरवते. यातलं मला थोडं कळतं. एकास सहावर एकट्याने कुणी चढत नाही."

"बाबा चढतात," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याकडे पाहिलं.

*

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

सोळा वर्षांपूर्वी बाबा वॉर्ड ऑफिसात नवे नवे साहेब होते. पाण्याच्या टाकीची शिडी गंजली आहे, असा अर्ज तीन वेळा आला. तिन्ही वेळा त्यांनी त्यावर लिहिलं, 'पाहणी करून निर्णय घ्यावा.' चौथ्यांदा अर्ज आला तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते पाहणीला गेले. शिडीवर चढले. पाहणी झाली, निर्णयही झाला, दोन्ही एकदमच. हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. प्रत्येक नव्या कारकुनाला ते पहिल्या दिवशी ऐकवतात आणि तो बिचारा हसावं की नाही या विचारात उभा राहतो.

त्या पडण्यात कमरेखालचं सगळं गेलं. नोकरी राहिली. सहा महिन्यांनी खुर्चीवरून कामावर गेले आणि तेव्हापासून कुठल्याही अर्जावर त्यांनी 'पाहणी करून निर्णय घ्यावा' असं लिहिलं नाही. अर्ज आला की हे निघालेच. खिशात निळा खडू. रस्त्यावर, फुटपाथवर, दवाखान्याच्या दारात, जिथे चाक अडेल तिथे खडूने रेघ आणि खाली तारीख. आठ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्याच रेघेवर खुर्ची लावून बसायचं. ट्रॅफिक अडू दे, हॉर्न वाजू देत. डबाही तिथेच उघडायचा. पब्लिक त्यांना खडूसाहेब म्हणते. ठेकेदारही तेच म्हणतात, फक्त मध्ये श्वास घेण्याची जागा बदलतात.

तर असा माणूस. या महिनाअखेरीस रिटायर होणार. नवीन ऑफिस हे त्यांचं शेवटचं काम, आणि सोमवारी अकरा वाजता उद्घाटन. फीत नाही, भाषण नाही. बाबा एकटे रॅम्प चढणार आणि दार उघडणार. मागे कुणी उभं राहायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद.

आता खरी गोष्ट. आमच्या घराच्या दारातला रॅम्पही एकास सहाच आहे. आणि बाबा तो सोळा वर्षांत एकदाही एकट्याने चढलेले नाहीत.

फक्त ते त्यांना माहीत नाही.

*

हे सुरू आईने केलं. कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "यापुढे या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही. माझं मी चढेन." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले, अर्ध्यावर गेले, आणि खुर्ची मागे यायला लागली. आई बाजारातून येत होती. तिने पिशवी खुर्चीच्या मुठीला अडकवली, म्हणाली, "जड आहे हो, जरा राहू दे," आणि पिशवी धरल्यासारखी मूठच धरली. मग दुधाचं काहीतरी सांगत सुटली. खुर्ची वर गेली. वर पोचल्यावर बाबा मागे वळून म्हणाले, "बघ. जमलं की नाही?"

आई सांगते की तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की खरं बोलायला दगडाचं काळीज लागलं असतं.

मग ती पिशवी दाराजवळच्या खिळ्यावरच राहिली. आत रद्दी भरलेली. दाराच्या बाहेर घंटी वाजली की आई पिशवी उचलणार, मागच्या बाजूने वळसा घालून रस्त्यावर येणार, आणि आत्ताच बाजारातून आल्यासारखी बोलायला लागणार. काका गुडघा लावतो. तो बोलता बोलता मागून गुडघ्याने रेटतो, हात खिशात. मी फोनवर असल्याचं नाटक करतो, डावा हात कानाला, उजवा खुर्चीला. शाळेत असताना माझ्याकडे फोन नव्हता तेव्हा मी पाढे म्हणायचो. बावीसचा पाढा मला आजही फक्त चढावर आठवतो. पेपरवाला बातमी वाचून दाखवतो. पोस्टमनचं तर विचारूच नका, त्याने आमच्या घरी जितकी पत्रं आणली त्यातली निम्मी आमची नव्हती.

सगळे बोलत असतात. बोलल्याशिवाय जमत नाही, कारण शांत राहिलं की मागचा हात कळतो.

आणि बाबांनी यातून काय निष्कर्ष काढला? बोलत बोलत चढलं की चढ जाणवत नाही. हा त्यांचा सिद्धांत. हे त्यांनी नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सांगितलंय. टाळ्या पडल्या होत्या. मी हॉलमध्ये होतो आणि सगळ्यात मोठ्याने मी वाजवल्या.

माझा गुन्हा त्याहून मोठा आहे. बाबांच्या टिपण्या घरी मी टाइप करतो. शिकवलं कुणी नाही, दोन बोटांनी शिकलो, पण वेग आहे. नवीन ऑफिसच्या इंजिनिअर बाईंनी लिहून दिलं होतं की रॅम्प छत्तीस फुटांचा हवा, मध्ये वळण घेऊन, आणि त्यासाठी स्टाफच्या गाड्यांची जागा सोडावी लागेल. स्टाफ कुरकुरला. बाबांनी मला उत्तर सांगितलं: 'माझ्या राहत्या घरी एकास सहा उताराचा रॅम्प असून तो मी गेली सोळा वर्षे रोज किमान दोन वेळा, कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतः चढतो. सबब छत्तीस फुटांचा आग्रह अनाठायी आहे.'

'कोणाच्याही मदतीशिवाय' टाइप करताना माझी बोटं थांबली. त्याच दिवशी सकाळी याच बोटांनी ढकललं होतं. बाबा म्हणाले, "काय झालं, शब्द अडला का?" मी म्हणालो, नाही. आणि पुढे टाइप केलं. अनाठायी मधला ठ नीट आलाय ना ते मात्र दोनदा तपासलं.

*

हे सगळं ताईने स्वयंपाकघरात बाहेर काढलं, कारण आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर्षातून दोनदा येणारं माणूस.

आत्या स्टुलावर बसली. तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते तिने नंतर मला सांगितलं. तिला भावाची काळजी आधी वाटली नाही. तिला शाळेची प्रार्थना आठवली. दरवर्षी पहिल्या दिवशी ती मुलांना सांगायची की माझ्या भावाचे पाय गेले, पण तो रोज स्वतःच्या जिवावर चढ चढतो. अकरा वर्षं. हजारभर मुलं तरी असतील. त्यातली काही आता डॉक्टर होती.

"म्हणजे ती पिशवी..." ती आईला म्हणाली.

"रद्दी आहे, वन्सं."

"मला वाटायचं ही बाई दिवसातून किती वेळा बाजारात जाते."

काका दारात येऊन उभा होता. बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याबरोबरच राहतो, बांधकामावर मुकादम. घरचा रॅम्प त्याने बांधलेला, बाबा हॉस्पिटलात असताना, दोन दिवसांत. त्यामुळे रॅम्पवर काही बोललं की त्याला ते स्वतःच्या नाकावर बोलल्यासारखं लागतं.

"माझ्या रॅम्पला एक तडा नाही सोळा वर्षांत," तो म्हणाला.

"तडा नाही रे काका," ताई म्हणाली. "उतार. नऊ फुटांत दीड फूट का चढवलास? अठरा फूट घ्यायचे."

"जागा नव्हती."

"होती की. पुढे अंगण आहे अख्खं."

काकाने मान वळवून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, "तिथे माझी गाडी लागायची."

"कुठली गाडी? ती टायर गेलेली स्कूटर?"

"तेव्हा चालू होती."

"आणि आता?"

"आता सात वर्षं बंद आहे," काका म्हणाला. "पण लागते तिथेच."

मला हसू आलं, पण अशा वेळी घरात आधी कोण हसतं त्याच्यावर सगळं येतं, म्हणून मी खोकलो.

"बरं, ते सोड," काका म्हणाला. "प्रश्न सोमवारचा आहे ना? सोपं आहे. मी मागे माईक घेऊन चालतो."

"भाषण नाहीये."

"मग हार घेऊन चालतो. हार कुणीतरी घालणारच ना. मी मागे, गुडघा लावतो. वहिनी, तुम्ही शेजारी. बोलत राहा."

"पिशवी नेऊ का?" आईने विचारलं. आणि ती गंमत करत नव्हती.

"उद्घाटनाला पिशवी बरी दिसेल का?"

"चांगल्यातली नेते."

"मी फोटोवाल्याला वरच्या बाजूला उभा करतो," मी म्हणालो. "समोरून फोटो काढला की मागचं दिसत नाही." हे मी म्हणालो, दुसरं कुणी नाही. इथे लिहिताना मला वाटलं होतं की हे वाक्य काकाच्या तोंडी घालावं, पण ते माझंच.

सगळ्यात आश्चर्य म्हणजे आत्या. ती मोठ्या आवाजात खरं बोला म्हणून सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मीसुद्धा असते मागे. मी बोलते. मला बोलायची सवय आहे."

"आत्या, तूसुद्धा?" ताई म्हणाली.

"अगं, शेवटचं काम आहे त्याचं. एका माणसाच्या सोळा वर्षांवर एका दुपारी पाणी टाकायचं का? तू लांब राहतेस. तुला मोजायला सोपं आहे."

हे लागण्यासारखं होतं आणि लागलं. ताई खाली बसली आणि बॅगेच्या चाकावरचा वाळलेला रंग नखाने काढायला लागली. तिला तेव्हा काय वाटत होतं ते तिने कधी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. तिने हे शिक्षण घेतलं ते बाबांमुळे, बाबा हॉस्पिटलात असतानाच होस्टेलवर गेली. तिथे सगळ्यांना ती बाबांचा रॅम्प सांगायची. दुसऱ्या वर्षाला उताराचा धडा आला, तेव्हा तिला गणित पटेना. सुट्टीत घरी आली आणि खिडकीतून मला पाढे म्हणताना बघितलं. तेव्हा तीही गप्प बसली. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी, ती फक्त जरा लांब ओवलेली.

"सोमवारी तुम्ही ढकलाल," ती खाली बघूनच म्हणाली. "मंगळवारी?"

"मंगळवारी काय?" काका म्हणाला.

"मंगळवारी ऑफिस उघडणार ना? मंगळवारी कुणीतरी बाई दाखल्याला येईल खुर्चीवरून. एकटी. तिच्या मागे कोण हार घेऊन चालणार?"

गॅसवर चहा उतू गेला आणि तोही कुणी बंद केला नाही. शेवटी मी केला.

"सांगायला तर पाहिजे," काका म्हणाला. "पण सांगणार कोण?"

सगळ्यांनी आपापल्या मनात दुसऱ्याचं नाव घेतलं. मी ताईचं घेतलं. ताईने बहुतेक आत्याचं. काकाने माझं, कारण तो सरळ माझ्याकडेच बघत होता. "तू टाइप करून दे की," तो म्हणाला. "तुला येतं ना चांगलं."

आणि तेवढ्यात बाहेर घंटी वाजली.

*

बाबा न्हाव्याकडून आले होते. सोमवारसाठी केस. कोपऱ्यापर्यंत रस्ता सपाट आहे, तो त्यांनीच सपाट करून घेतलाय, तिथवर ते खरोखर एकटे जातात. घंटी सायकलची आहे, खुर्चीला लावलेली. दोनदा वाजली की ते रॅम्पच्या पायथ्याशी आहेत.

सवय वाईट असते. घंटी वाजल्याबरोबर काका दाराकडे निघाला, माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. आत्यासुद्धा उठली, आणि तिला तर अजून काही शिकवलंही नव्हतं.

आई खिळ्यापाशी उभी होती. पिशवी तिच्या हातात होती.

तिने नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला फक्त एवढंच आठवलं, त्यांनी पहिल्या दिवशी मागे वळून विचारलं होतं, जमलं की नाही. आणि तिने हो म्हटलं होतं. सोळा वर्षांत ती त्यांच्याशी दुसरं काहीही खोटं बोललेली नव्हती. वजनसुद्धा खरं सांगायची.

तिने पिशवी परत खिळ्याला लावली.

"कुणी जायचं नाही," ती म्हणाली.

"वहिनी..."

"मी म्हणते ना. मी सुरू केलंय, मी बघते."

ती दारात जाऊन उभी राहिली, रॅम्पच्या वरच्या टोकाला. आम्ही तिच्या मागे, अंधाऱ्या पॅसेजमध्ये, चोरासारखे. आम्हाला बाबा दिसत होते, त्यांना फक्त आई.

केस फार बारीक कापले होते. कान मोठे दिसत होते.

"अरे, आज सगळे कुठे गेले?" बाबा खालून म्हणाले. "बोलायला तरी कुणी या."

"या ना," आई म्हणाली. "मी इथूनच बोलते."

"इथून? बरं. बोल. आज त्याने तेल लावायचा आग्रह केला, मी म्हटलं सोमवारी चमकायचं नाहीये मला..." बोलत बोलत त्यांनी चाकं फिरवली. पहिले दोन फूट बरे गेले. "...तर तो म्हणतो, साहेब, रिटायर होताय, आता तरी..."

तिसऱ्या फुटाला वाक्य तुटलं.

बाबांनी ओठ आवळले. खांदे पुढे आले. हात लांब मागे नेऊन चाक ओढलं, एक वीत खुर्ची वर आली. पुन्हा एक वीत. मानेवरची शीर दिसायला लागली. मी इतकी वर्षं त्यांच्या मागे असायचो, म्हणून चढताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बोल ना तू," ते म्हणाले. "तू गप्प का?"

"बोलते की. दूध आलं. मुलगी आली. बॅग निळी करून आलीये."

"हां." एक वीत. मग नाही. चाकं हलेनात. त्यांनी ब्रेक लावला आणि मधोमध थांबले.

"टायरमध्ये हवा कमी आहे," ते म्हणाले.

"सकाळीच भरली."

"मग बेअरिंग."

"अहो," आई म्हणाली, "बेअरिंग बरोबर आहे. पिशवी नाहीये."

*

बाबा सांगतात की पहिल्यांदा त्यांना काही समजलं नाही. त्यांना वाटलं, ही बाजाराचं बोलतेय. मग त्यांनी हात मागे नेला आणि खुर्चीची मूठ चाचपली. तिच्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, दोन्ही बाजूंचं. आणि त्यांनी स्वतः त्या मुठीला आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता. खुर्चीत बसलेला माणूस मागची मूठ धरत नाही.

अधिकारी माणूस. पुरावा हातात आल्यावर पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हात लावू नका म्हणालात ना," आई म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"रोज?"

"रोज."

बाबांनी आईच्या मागच्या अंधाराकडे बघितलं. म्हणाले, "बाहेर या रे सगळे. पॅसेजमध्ये पाच माणसांचा श्वास ऐकू येतोय."

चारच होतो, पण दुरुस्त करायची वेळ नव्हती. बाहेर आलो.

"तू?" ते काकाला म्हणाले.

"गुडघा, दादा."

"आणि तू? ते पाढे?"

मी मान हलवली.

"पेपरवाला?"

"त्याने तर आम्हाला शिकवलं," काका म्हणाला. "कोन कसा धरायचा ते."

"पोस्टमनसुद्धा असेल."

बाबांनी डोळे मिटले. "म्हणून ती माझ्या नावाची नसलेली पत्रं," ते म्हणाले. "मी पोस्टात तक्रार केली होती त्याची. लेखी." मग त्यांनी आत्याकडे बघितलं. "अक्का, तूसुद्धा?"

"मला तासाभरापूर्वी कळलं," आत्या म्हणाली. "मी तर हजार मुलांना शिकवून बसलेय. तू निदान घरापुरता फसलास."

मला वाटलं आता ते चिडतील. मला वाटलं रडतील. काकालाही तेच वाटलं असावं, कारण तो पुढे जायला लागला, तर बाबांनी हात दाखवून थांबवलं.

"मी प्रशिक्षणात सांगितलं," ते म्हणाले. "बोलत बोलत चढा. दीडशे अधिकारी होते. लिहून घेत होते." आणि त्यांच्या पोटातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता हे आम्हाला जरा उशिरा कळलं. "त्यातला एखादा कुठेतरी बोलत बसला असेल अजून. चढ संपत नाही म्हणून."

आधी आत्या हसली. मग कुणाचं कुणाला राहिलं नाही. बाबा खुर्चीत वाकून हसत होते, ब्रेक लावलेला होता म्हणून बरं.

मग ते थांबले. असं एकदम, कुणीतरी रेडिओ बंद करावा तसं.

"ते मी फाइलवर लिहिलंय," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"कोणाच्याही मदतीशिवाय. तू टाइप केलंस."

"हो."

"शब्द अडला होता तुझा. मी विचारलं होतं."

"हो, बाबा."

"विचारलं की सांगायचं असतं रे," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मार पडला असता तर बरं झालं असतं, पण मार आमच्या घरात कधी नव्हताच.

ताई पुढे आली. "बाबा, ती इंजिनिअर बरोबर होती. छत्तीस फूट पाहिजेत."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "आत्ता माहीत झालं. मीच तिला अनाठायी म्हणालो." त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. केस कापायला जातानाही खडू बरोबर होता. ते खाली वाकले, चाकाच्या पुढे सिमेंटवर त्यांनी निळी रेघ मारली, आणि खाली आजची तारीख घातली. आकडे नीट, ऑफिसात काढतात तसे. फक्त आठाचा आकडा जरा लांबला.

"लिही," ते मला म्हणाले. मी फोन काढला. या वेळी खरोखर लिहायला.

"विषय, नवीन कार्यालयाचा रॅम्प. सदर रॅम्पच्या उताराची पाहणी मी माझ्या राहत्या घरी केली. पाहणीत मी मध्येच अडकलो. यापूर्वीच्या टिपणीतील माझे विधान चुकीचे असून ती चूक माझी आहे. इंजिनिअर बाईंचे म्हणणे बरोबर होते. रॅम्प तोडून छत्तीस फुटांचा करावा. तोपर्यंत उद्घाटन करू नये. गाड्यांसाठी दुसरी जागा शोधावी." ते थांबले. "झालं?"

"कोणाच्याही मदतीशिवाय, ते काय करू?"

"काय करणार. लिही, घरच्यांची मदत होती. मला माहिती नव्हती."

"आणि महिनाअखेरीस तुम्ही रिटायर होताय," काका म्हणाला. "नवीन रॅम्प व्हायला तीन महिने जातील, दादा. दार दुसरंच कुणी उघडेल."

न्हाव्याने ठेवलेले दोन-तीन केस कॉलरवर होते, ते बाबांनी झटकले. सोमवारचा शर्ट आईने इस्त्री करून आत दाराला टांगलेला होता, तो त्यांना बसल्या जागेवरून दिसत होता.

"उघडू दे," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन येईन. रांगेतून. एकटा." मग काकाकडे बघून, "आणि तुझी ती गाडी?"

काका अंगणात गेला. गाडीला स्टँडवरून काढायला त्याला तीन झटके द्यावे लागले, सात वर्षांत स्टँड जमिनीत रुतला होता. ती ढकलत ढकलत तो फाटकाबाहेर घेऊन गेला. तिलाही मागून कुणी हात लावला नाही.

बाबा अजून मधोमध होते.

"मी असाच बसू का आता?" ते म्हणाले. "आठ दिवस? डबा आणा मग."

आई खाली उतरली. पिशवीशिवाय. खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात मुठींवर ठेवण्याआधी थांबली.

"ढकलू?" तिने विचारलं.

"ढकल," बाबा म्हणाले. "पण यापुढे सांगून."

त्यांनी ब्रेक काढला. चाकं वळली. त्या रॅम्पवर पहिल्यांदाच कुणी काही बोलत नव्हतं, त्यामुळे आईचा श्वास ऐकू येत होता, एकेका वितीला एकेक. निळी रेघ चाकाखालून गेली. वरच्या टोकाला ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

बाबांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"जड आहे की मी," ते म्हणाले.

"सोळा वर्षं आहात," आई म्हणाली.